दोऱ्याचे मासे

अण्णांच्या होडीत दोनच माणसं बसत. मागच्या फळीवर अण्णा, वल्ही हातात घेऊन, आणि पुढच्या फळीवर मी, जाळं वर ओढायला. शाळेत होते तेव्हापासून ती पुढची फळी माझी. आई कुरकुरायची, वाढत्या वयाची पोरगी होडीत कशाला म्हणून, पण अण्णा तिचं ऐकत नसत. घरात मुलगा नव्हता म्हणून ते मला नेतात, असं गावात लोक बोलायचे. मला ते कधीच पटलं नाही. अण्णांना मी लागायची, बस्स. त्या फळीवरून मला उठवलं ते माझ्या आतेबहिणीने, सुलूने, आणि त्या गोष्टीने आज, कठड्याला धरून जिना उतरायच्या वयातसुद्धा, माझ्या पोटात दुखतं. दुखतं तर दुखतं! आता खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

आमचं गाव देवरूखपासून आत, डोंगराच्या कुशीत. धरण झालं तेव्हा खालची भातशेती, जुनी घरं, देवीचं देऊळ सगळं पाण्यात गेलं आणि गाव उचलून वर सड्याच्या, उघड्या खडकाळ माळाच्या, कडेला आणून ठेवलं. देवीची मूर्ती वाजतगाजत वर आणली. शेती काही वर आणता आली नाही, म्हणून अण्णा आणि त्यांच्यासारखे आठ-दहा जण नांगर सोडून जाळ्याला लागले. धरणातल्या माशांची सोसायटी झाली आणि अण्णा तिचे चेअरमन. चेअरमन म्हणजे काय, तर बोटुकली आणायच्या टेम्पोत पुढे बसायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. दर पावसाळ्यात रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं पाण्यात सोडायची, ती वाढली की काढायची. आमचं घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. पहाटे जाळी काढताना त्यांना लावलेले शिशाचे मणी होडीच्या काठावर घासत येत, खर्र खर्र, आणि त्या आवाजावर आई चूल पेटवायची. मासे घरी आले की अंगणातच खवले काढायचे. त्या खवल्यांनी आमचं अंगण बारा महिने चकाकत असे, आणि मांजरांची तर चैन होती.

बारावीला मी गणितात गटांगळी खाल्ली आणि घरी बसले. त्याच वर्षी सुलू आली. आत्या बुरोंडीला दिली होती, खाडीच्या नव्हे, अगदी समुद्राच्या तोंडाशी. तिचे यजमान मुंबईला नोकरीत. पोरीला कॉलेजात घालायचं तर परक्या मुलींबरोबर कशाला ठेवायची, माझ्या भावाचं घर देवरूखला जवळ आहे, असं आत्याने ठरवलं आणि सुलू एक पत्र्याची पेटी आणि सोड्यांचं, सुकवलेल्या कोळंबीचं, भलंमोठं पुडकं घेऊन आमच्या दारात उतरली. सोडे बघून आई तिथेच विरघळली. अण्णांचं तर विचारूच नका. माहेरवाशिणीचं लेकरू! तिच्या ताटात काही कमी पडलं तर बहिणीला तोंड कसं दाखवू, हे त्यांच्या तोंडून आम्ही दिवसाला दोनदा ऐकायला लागलो.

पहिल्याच दिवशी आईने कटल्याचं कालवण केलं होतं. कटल्याचं डोकं हा आमच्या घरातला खरा मान. ते माझ्या ताटात पडायचं. त्या दिवशी अण्णांनी स्वतः पळी घेतली आणि डोकं उचलून सुलूच्या ताटात ठेवलं. आणि ही बया नाक मुरडून म्हणते काय, "मामा, गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो. आम्ही नाय खात."

मला वाटलं, आता बसणार एक. अण्णांच्या माशाला नाव ठेवलेलं त्यांना अजिबात खपत नसे. पण ते हसले! "खरं हाय गो तुजं," म्हणाले, "समुद्राचं खाणारी तू, तुला कसा रुचंल?" आणि दुसऱ्या दिवशी ज्या माणसाने उभ्या जन्मात चुलीपाशी पाऊल ठेवलं नव्हतं, तो माणूस पाटावर बसून मीठ, हळद आणि आमसुलाच्या आगळाने माशाच्या फोडी चोळत होता, भाचीला मातकट लागू नये म्हणून. आई तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "मला कधी चोळून दिलेत हो अण्णा?" तर म्हणाले, "तुला कुटं मातकट लागतंय? तू इथलीच."

तू इथलीच. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं असणार, आता कळतं. तेव्हा मात्र मी ताट तसंच ठेवून उठले.

आठवडाभरातच सुलू होडीत बसली. लहानपणापासून बुरोंडीच्या होड्यांत वावरलेली ती. उभ्याने वल्हवायची, आणि तोल म्हणून जाईल तर शपथ. जाळ्याचा फाटका डोळा अशा गाठीने सांधायची की ती गाठ दातानेही सुटत नसे. आम्ही शेतकऱ्याची माणसं, धरणावर मासेमारी शिकलेली. आमच्या गाठी पाण्यात सैल व्हायच्या. अण्णा तिच्या हातांकडे बघत राहत. "रगतातच हाय," असं जो भेटेल त्याला सांगत. मग एका पहाटे मी डोळे चोळत उठले तर होडी निघून गेलेली. काठावर जाऊन उभी राहिले, तर पुढच्या फळीवर सुलू, आणि अण्णा मागून काहीतरी सांगतायत आणि हसतायत. पाण्यावरून हसण्याचा आवाज फार लांबवर येतो. परत आल्यावर अण्णा मला म्हणाले, "तू झोपली होतीस, म्हटलं झोपू दे." मी झोपलेली असताना त्याआधी किती वर्षं त्यांनी मला हलवून उठवलं होतं! त्यानंतर पहाटेची ती, आणि आमची नेमणूक माशाच्या टोपल्यांवर. मधूनच एखाद्या दिवशी अण्णा दोघींनाही न उठवता एकटेच पाण्यावर जायचे. तेवढे दिवस मला बरं वाटायचं. मी नाही, तर निदान ती पण नाही.

दिवाळी झाली आणि रत्नागिरीहून मॅडम आल्या. धरणात मासे किती आहेत ते शोधायचं, आणि दरवर्षी किती काढले म्हणजे पुढल्या वर्षीही तेवढेच मिळत राहतील, ते सोसायटीला सांगायचं, हे त्यांचं काम. उंच, सावळ्या, साडी गुडघ्याजवळ खोचून चिखलात उतरणाऱ्या. आमच्याच पडवीत त्यांनी वजनकाटा आणि टब मांडले. सोसायटीच्या माणसांना प्रश्न पडला, पाण्यातले मासे मोजणार कसे? तेव्हा मॅडमनी आईकडून पातेलंभर तांदूळ आणि मूठभर कुळीथ मागून घेतले. कुळीथ मोजून तांदळात टाकले, खालवर केले, आणि एक वाटी भरून काढली. "हे कुळीथ म्हणजे आपण खूण करून परत पाण्यात सोडलेले मासे. आता वाटीत बघा. वाटीत कुळीथ पुष्कळ आले, तर पातेल्यात तांदूळ थोडेच आहेत. कुळीथ शोधून सापडत नसला, तर तांदूळ उदंड. वाटीवरून पातेल्याचा हिशेब." आईला हे इतकं आवडलं की तिने पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला ते करून दाखवलं. मीसुद्धा पुढे आयुष्यभर, कुठल्या कुठल्या धरणांच्या काठावर, लोकांना हेच करून दाखवलं. फक्त कुळीथ स्वतःचे न्यायला लागले.

खूण म्हणून मॅडमनी प्लास्टिकच्या चकत्या आणल्या होत्या. त्या टबातच गळून पडायला लागल्या. तेव्हा सुलू म्हणाली, "मॅडम, दोरा बांधू या शेपटीच्या देठाला. माझी गाठ सुटायची नाय. नि रंग पिवळा घ्या, गढूळ पाण्यातनं लांबनं दिसतो." मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली. देवरूखच्या बाजारातून पिवळ्या नायलॉनच्या दोऱ्याची रिळं आली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सुलूला माहीत नव्हती, मॅडमना माहीत असायचं कारण नव्हतं, आणि आमच्या गावात जी शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. जुन्या देवळाखाली नदीत एक खोल डोह होता, त्याला देवीची कोंड म्हणत. कोंडीतला मासा कुणी धरत नसे. कुणाची काही इच्छा असली, पोर व्हायची, आजार बरा व्हायची, तर त्याने जिता मासा घ्यायचा, त्याच्या शेपटीला हळदीत भिजवलेला दोरा बांधायचा, मनातलं मनात बोलायचं आणि मासा कोंडीत सोडायचा. असा दोऱ्याचा मासा कधी चुकून कुणाच्या हाताला लागला, तर देवळाकडे तोंड करून त्याला परत पाण्यात सोडायचं. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, अगदी बायकोजवळसुद्धा नाही. बोललं की ज्याने दोरा बांधला त्याची इच्छा वाया जाते. धरण झाल्यापासून कोंड तळाशी गेली, दोरे बांधणं बंद पडलं. पण हातांनी ते सोडलं नव्हतं.

पिवळी रिळं बघून आई अण्णांना म्हणाली होती, "अहो, पिवळा दोरा?" अण्णांनी मान खाजवली. "ह्यो नायलॉनचा हाय. मॅडमचा हाय. देवीचा थोडाच?" झालं. भाचीने सुचवलेलं ना ते! मी सुचवलं असतं तर म्हणाले असते, अक्कल गहाण ठेवलीस काय गो? मासे धरले, सुलूने गाठी मारल्या, मासे सोडले. पाण्यात नीट मिसळायला त्यांना वेळ दिला. मग सोसायटीच्या सगळ्या होड्यांचे मासे रोज सकाळी आमच्या पडवीत यायला लागले, आणि त्यांत दोऱ्याचे किती ते बघायचं काम सुरू झालं.

दोऱ्याचे मासे येईनात. एखाददुसरा आलाच तर तो अण्णांच्या होडीतून, आणि तोही सुलू बरोबर असेल त्या दिवशी. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "सुलभाचा हातगुण चांगला आहे." हातगुण! अण्णांनी ते सोसायटीभर केलं. भाचीच्या हाताला यश आहे म्हणे. बाळूकाका म्हणून सोसायटीतले जुने जाणते होते, त्यांनी तर बोटुकली सोडताना पहिली मूठ ह्या पोरीच्या हातची पडू दे, अशी सूचना मांडली. मी माशांचे टब धूत हे सगळं ऐकत होते, आणि त्या टबातच तोंड घालून बोंब मारावी असं मला वाटत होतं.

मग तिची परीक्षा आली. चार दिवस ती देवरूखला मैत्रिणीकडे राहायला गेली. पहिल्याच पहाटे अण्णांनी मला हलवलं. "कुंदे, ऊठ. जाळं वढाया चल." मी केससुद्धा बांधले नाहीत. पुढच्या फळीवर बसले, आणि आनंदाने हसू की रडू असं झालं मला. धुकं होतं, पाणी अगदी गप्प. जुनी कोंड असेल त्या अंगाला आम्ही जाळं ओढत होतो आणि जाळ्यात एक चांगला जाडजूड कटला आला. शेपटीला पिवळा दोरा. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी माशाला दोन्ही हातांत धरलं, होडीतच वळून वर देवळाकडे तोंड केलं, आणि त्याला हळूच पाण्यात सोडून दिलं. मासा क्षणभर तिथेच थांबला, मग खाली गेला. अण्णा माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. मीही नाही. नायलॉन असू दे नाहीतर आणखी काही, हातात आल्यावर तो माणूस त्या माशाला मारू शकत नव्हता, आणि हे मला समजतं, हे त्यांना माहीत होतं. सुलू तिथे असती तर तिने मासा हिसकावून टबात टाकला असता. म्हणून तिच्यासमोर ते सोडत नव्हते. माझ्यासमोर सोडला.

ते पुढचे दिवस मी हवेत होते. सुलू परत आली, फळीवर बसली, तिचा हातगुण पुन्हा सुरू झाला, तरी मला काही वाटेना. बस, बाई, बस! अण्णांचं आणि माझं एक आहे, जे तुला कधीच मिळायचं नाही. जेवताना अण्णा तिच्या ताटात डोकं वाढायचे आणि मी खुशाल शेपटीचा तुकडा चोखत बसायची. असं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं, आणि फार टिकलंही नाही.

काम संपलं तशी मॅडमनी वरच्या नव्या देवळात सोसायटीची बैठक बोलावली. दुपारची वेळ, सगळे पुरुष खांबांना टेकून बसलेले, आम्ही बायका कडेला. मॅडमनी हिशेब सांगितला. वाटीत कुळीथ जवळजवळ नाहीतच. म्हणजे पातेल्यात तांदूळ कल्पनेपलीकडे आहेत. सध्या काढता त्याच्या दुप्पट मासे काढलेत तरी धरणाला कळणारसुद्धा नाही, असं त्या म्हणाल्या. देवळात एकदम गलका झाला. बाळूकाका मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे आजवर आपण उगाच हात आखडून बसलो होतो की!" कोण नवी जाळी आणायच्या गोष्टी करायला लागला, कोणी बारीक डोळ्याची. मी बघत होते. ह्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आपण दोऱ्याचे मासे सोडलेत. पण प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानेच. बोलायचं नसतं ना! एकाने दोन मासे सोडले तर एवढ्या मोठ्या हिशेबाचं काय बिघडतं?

मला धरणाची काळजी वाटली, असं मी इथे लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण मी कुठलं धरण आणि कुठलं काय. मॅडमनी सुलूला पुढे बोलावलं. जिल्ह्यातल्या बाकीच्या धरणांवरही हेच काम करायचं आहे, ह्या मुलीला मी रत्नागिरीला नेते, माझ्याकडे राहील, पुढचं शिक्षण तिथेच करील, असं म्हणाल्या. अण्णा उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. "न्या मॅडम," ते म्हणाले. "भैनीची पोर हाय, पर माझीच समजा. माशाची जाण हिच्याइतकी आमच्या घरात कुणालाच नाय."

ह्या ठिकाणी मला कुणीतरी तोंडावर हात ठेवून गप्प बसवायला हवं होतं. सुलू जाणार होती! पेटी उचलून, तिच्या गाठी आणि तिचा हातगुण घेऊन रत्नागिरीला जाणार होती, आणि ती फळी, ते डोकं, ते पहाटेचं हलवणं, सगळं माझं मला परत मिळणार होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. पण आमच्या घरात कुणालाच नाय, हे माझ्या काळजात असं गेलं की माझं मलाच कळलं नाही मी कधी उभी राहिले.

"मासे तेवढे नाहीयेत," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की घंटेखालचं कुत्रं उठून गेलं. "दोऱ्याचे मासे सापडतात. हे सगळे परत सोडून देतात."

"कोण सोडतं?" मॅडमनी विचारलं.

"सगळेच. पिवळा दोरा म्हणजे आमच्याकडे देवीचा. तो मारत नाहीत आणि बोलतही नाहीत. अण्णांनी पण सोडला. माझ्यासमोर सोडला."

सुलूचं तोंड पडलं, ते मी डोळे भरून बघितलं. मग अण्णांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मॅडम मटकन पायरीवर बसल्या. "म्हणजे वाटी मोजायच्या आधीच कुळीथ वेचून कुणी परत पातेल्यात टाकत होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी म्हणत होते, तांदूळ उदंड आहेत." त्या रागावल्या नाहीत. सगळ्यांकडे वळून हात जोडून म्हणाल्या, "कुणी किती सोडले, एवढं मला सांगा. नाहीतर तुम्ही दुप्पट काढाल आणि दोन वर्षांत धरणात बेडूक उरतील."

बाळूकाका पुटपुटले, "मॅडम, बोलायचं नसतं त्याच्यावर." मॅडम म्हणाल्या, मग मी काय करू? आणि तेव्हा अण्णा उठले. देवीपुढच्या ताटात अक्षतांचे तांदूळ होते. त्यांनी त्यांतले दाणे उचलले आणि काही न बोलता गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर एकेक करून मांडले. जेवढे मासे सोडले तेवढे. मला वाटलं होतं, एकच दाणा ठेवतील. ते ठेवतच राहिले. ओळ उंबऱ्याच्या अर्ध्यावर गेली. ते एकटेच पाण्यावर जायचे त्या सगळ्या पहाटा तिथे मांडल्या गेल्या, आणि मी जो मासा आमच्या दोघांचा म्हणून उराशी धरून बसले होते तो त्या ओळीतला एक होता. कुठला तेसुद्धा सांगता आलं नसतं.

मग बाळूकाका उठले. मग बाकीचे, एकामागून एक, एकमेकांकडे न बघता. शब्द कुणीच काढला नाही, तेव्हा नियम काही मोडला नाही. तो मोडला होता मी एकटीने. मॅडमनी उंबऱ्यावरचे दाणे मोजले आणि तिथेच खांबाला टेकून नवा हिशेब मांडला. आकडा उतरत उतरत इतका खाली आला की दुप्पट राहिलं बाजूला, चालू होतं तेच थोडं जास्त ठरलं. बारीक डोळ्याची जाळी बंद, पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, आणि हातभर लांबीच्या आतला मासा परत सोडायचा, असं ठरलं. कुरकुर झाली, शिव्या झाल्या, पण झालं. त्या धरणात आजही मासा मिळतो. परवाच सुलूने फोनवर फोटो पाठवला, तिचा नातू हातात हा एवढा कटला धरून उभा. मी अंगठा दाखवला, दुसरं काय पाठवणार?

घरी जाताना अण्णा पुढे चालत होते, मी मागे. कुंपणापाशी ते थांबले.

"बोललीस ते बरं केलंस," म्हणाले. "धरण रिकामं झालं असतं."

मी कुंपणाचं दार उघडलं.

"पर ज्याचा दोरा व्हता, त्याचं काय झालं आसंल?"

"कुणाचा नव्हता, अण्णा. मॅडमचा होता. सुलूने बांधलेला."

"तुला काय म्हायत?" एवढंच बोलून ते आत गेले.

संध्याकाळी मॅडम पडवीत चहा पिता पिता आईला म्हणाल्या, "गाठी मारायला मला कुणीही मिळेल. लोक जे बोलत नाहीत ते मला सांगणारी मुलगी हवी. तुमच्या कुंदाला द्या माझ्याबरोबर. गणिताचं मी बघते." आई हरखली. शेजारपाजार गोळा झाला. मी नाही म्हणणार होते, तोंड उघडलंही होतं, पण अण्णांनी मान डोलावली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी इतका आनंद मी कधी बघितला नव्हता. ज्या चेहऱ्यासाठी मी वर्षभर जळत होते तो शेवटी माझ्याकडे वळला, तो मला पाठवताना. आता नाही कशी म्हणू?

आणि सुलू? तिने माझ्यावर रागवायला हवं होतं. भांडली असती, रडली असती, तर मी तिला माफसुद्धा केलं असतं. ती उलट मला मिठी मारून म्हणाली, "बरं झालं गो, मला कुटं रत्नागिरीला करमलं असतं? मी हितंच बरी मामाकडे." माझं बोचकं तिने बांधलं, तिच्या त्या गाठींनी. रत्नागिरीत ती गाठ काही केल्या सुटेना, शेवटी मी सुरीने कापली आणि वर चार शिव्या हासडल्या. पुढे ती आमच्याच बाजूला दिली, अगदी धरणापासून ढांगेवर. अण्णांच्या अखेरच्या दुखण्यात औषधाला उशाशी तीच होती. मी पोचेपर्यंत सगळं तिने केलेलं होतं, आणि नीट केलेलं होतं. कशाला म्हणून नाव ठेवायला जागा ठेवत नाही ती बाई, हेच तर माझं दुखणं आहे.

देवरूखच्या स्टँडवर दोघंही मला सोडायला आले. अण्णांनी वाटेत खायला चपात्यांत गुंडाळून तळलेला मासा दिला, मीठ-आगळाने चोळलेला. मी खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली, थरथरायला लागली, आणि मला रडू आवरेना. ते बघून अण्णा गडबडले. खिडकीच्या गजातून हात घालून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, नको जाऊस, उतर खाली. मी पिशवीसुद्धा धरली होती.

"रडतेस कशाला, येडे?" अण्णा म्हणाले. "आमची अजाबात काळजी करू नको. सुलू हाय ना माझ्याजवळ."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली.